एका गाडीचा बेंड, दुसऱ्या गाडीला

टेबलावर हे दोन बेंड पाइप ठेवलेत, म्हणजे मोटरसायकलच्या इंजिनापासून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या वळवलेल्या नळ्या. दोन्ही जुन्या गाड्यांचे, दोन्ही बाहेरून 38 मिलिमीटर. व्हर्निअर लावून बघितलं तर फरक सापडायचा नाही. याच मापावर विश्वास ठेवून लोक जुना बेंड उचलतात, घरी नेतात आणि दुसऱ्या मॉडेलच्या गाडीला लावायला बसतात. आता यातला एक मी हॅकसॉने कापून आणलाय, त्याचा तुकडा तुमच्यात फिरवतो. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. नळीच्या आत आणखी एक नळी आहे.

जुन्या जपानी गाड्यांचे बरेचसे बेंड असे दुहेरी असतात. बाहेरच्या नळीवरचं क्रोम तापून निळं पडू नये म्हणून धूर आतल्या नळीतून जातो आणि मधल्या फटीत हवा राहते. या तुकड्यात आतली वाट भरते 30 मिलिमीटर. दुसरा बेंड एकेरी आहे, दीड मिलिमीटर पत्र्याचा, म्हणजे आत 35. पाच मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण वाटेचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं. इथे धुराची वाट पावपेक्षा जास्त कमी झाली. म्हणून बेंड घेताना बाहेरचं माप घेऊन थांबू नका, तोंडातून आत बोट घाला.

आता हेडकडे येऊ, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागाकडे, जिथून बेंड निघतो. बेंड हेडला कसा धरलाय, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. जुन्या होंडाच्या चार सिलिंडरच्या गाड्यांत दोन स्टड (हेडमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे), त्यावर फ्लँज (भोकांची जाड पट्टी) आणि फ्लँजखाली दोन अर्ध्या कॉलर (कड्या) असतात. जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सरला आणि जावाला मोठा आट्यांचा नट, तो हूक पान्याने फिरवायचा. नॉर्टन कमांडोलाही पंखांची आट्यांची रिंग असते. ती रिंग ढिली झाली आणि तशीच गाडी पळवत राहिलं, की हेडमधले आटे जातात. ट्रायम्फच्या 650मध्ये तर एकाच घराण्यात दोन तऱ्हा आहेत: काही वर्षांच्या हेडमध्ये आट्यांचा स्टब, म्हणजे आखूड नळी, आणि त्यावर बेंड क्लॅम्पने, काही वर्षांच्या हेडमध्ये बेंड सरळ पोर्टात, म्हणजे हेडमधल्या धुराच्या वाटेत, ढकललेला. नाव तेच, इंजिन तेच, आणि बेंड मात्र एकमेकांना लागत नाही. तेव्हा आधी आपल्या हेडची तऱ्हा ओळखा, मग बेंड शोधायला निघा.

स्टडमधलं अंतर मोजताना मध्यापासून मध्य डोळ्यांनी धरू नका, ते चुकतं. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि एका स्टडचा व्यास वजा करा. एखादा मिलिमीटर कमीजास्त असेल तर फ्लँजचं भोक गोल कानशीने लांबवता येतं. त्याहून जास्त फरक असेल तर नवी फ्लँज कापून घ्यावी, सक्तीने घालू नये.

सक्ती हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा तोच आहे: बेंड ओढून बसवायचा नसतो. नट हातात घेण्याआधीच बेंड आपल्या जागी, स्वतःच्या वजनाने, पॅकिंगवर सपाट टेकला पाहिजे. नट फक्त त्याला तिथे दाबून धरतो.

हे मी किंमत मोजून शिकलो. एका बेंडचा मागचा टोक फ्रेमच्या कानापाशी बरोबर येत होता, पण पुढे फ्लँज हेडपासून तीनेक मिलिमीटर दूर आणि जरा तिरकी. मी मागचा बोल्ट घट्ट केला आणि पुढचे नट आवळत गेलो. फट मिटली, मला आनंद झाला. गाडी तापली, गार झाली, असं काही दिवस चाललं, आणि एका सकाळी एक स्टड हेडच्या पृष्ठभागाशी सपाट तुटलेला दिसला. 6 मिलिमीटरचा स्टड. तो काढायला ड्रिल धरलं आणि ड्रिल मधोमध राहिलं नाही. स्टड लोखंडाचा, कडक. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मऊ. ड्रिल नेहमी मऊ बाजूला सरकतं. भोक हेडमध्ये तिरकं गेलं. शेवटी हेड उतरवून, मोठं भोक पाडून, नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग बसवून घ्यावी लागली. तीन मिलिमीटरच्या फटीपायी हेड उतरवलं. ते हेड आजही चालतंय, पण तो स्टड आवळताना माझा हात हलकाच पडतो.

मग बेंड जागी येतच नसेल तर काय करायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. तोंड आपल्या गाडीचं ठेवा, अंग दुसरीकडून घ्या. आपल्या गाडीचा गंजलेला, फुटका बेंड फेकू नका. त्याचं हेडकडचं चार-पाच इंच टोक बहुतेक वेळा शाबूत असतं. कॉलर बसण्याची कड आणि पोर्टातून बाहेर पडण्याचा कोन हे सगळं त्या टोकात आहे, आणि तेच घरी बनवायला सगळ्यात अवघड. ते टोक कापून नव्या पॅकिंगसह हेडला लावा. मागून दुसरा बेंड आणून त्याला भिडवा. जिथे दोन्ही तोंडं समोरासमोर, एका रेषेत येतील तिथे खूण करा, कापा, आणि गाडीवरच तीन-चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारा. त्याआधी बॅटरीच्या वायरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा आणि वेल्डिंगची अर्थ त्याच नळीला लावा. अर्थ फ्रेमला लावली तर करंट इंजिनाच्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो. क्रोम वेल्डिंगच्या जागेपासून दोन्हीकडे घासून काढा. जळलेल्या क्रोमचा धूर छातीला फार वाईट. पूर्ण वेल्डिंग मग बाहेर काढून. नळी दुहेरी असेल तर आतली नळीही धरली गेली पाहिजे, नाहीतर ती आत खडखडत राहते.

आणि आतली कड. पोर्टापेक्षा बेंडची वाट किंचित मोठी असली तर चालते, उलट ती पायरी परत येणाऱ्या धुराला थोडी अडवतेच. पण बेंडची कड पोर्टाच्या आत डोकावत असेल तर ती प्रत्येक ठोक्याला धुराच्या तोंडावर उभी आहे. ती कानशीने उतरवा.

आता लांबी. एक्झॉस्ट वाल्व उघडला की दाबाची लाट बेंडमधून आवाजाच्या वेगाने पळते. तापलेल्या धुरात हा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास असतो. बेंड संपून नळी रुंद झाली की लाट उलटते आणि शोषणाची लाट होऊन परत येते. ती वेळेवर पोचली तर उरलासुरला धूर ओढून नेते. बेंड 80 सेंटिमीटरचा धरा. जाऊन-येऊन 1.6 मीटर, म्हणजे साधारण 2.9 मिलिसेकंद. 6000 आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक 105 अंश फिरतो. बेंड 10 सेंटिमीटरनी तोकडा झाला तर हाच मेळ 6900च्या जवळपास जाऊन जमतो. म्हणजे ज्या वेगाला गाडी खुलायची, तिथे ती आता खुलत नाही. शहरात चालवणाऱ्याला हे लगेच जाणवतं, तो म्हणतो गाडी मरगळली, आणि कार्ब्युरेटर खोलून बसतो. टू-स्ट्रोकची तर गोष्टच वेगळी. तिथे लाटेची वेळ हेच अर्धं इंजिन आहे. यामाहाच्या आरडी 350 आणि आरडी 400चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) एकच, 64 मिलिमीटर, पण स्ट्रोक (पिस्टनची धाव) 54 आणि 62. बोअर सारखा दिसला म्हणून एकीचा पाइप दुसरीला डोळे मिटून लावू नये.

नातं जवळचं असलं तर काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण होंडाचं. 1972ची सीबी 350 फोर आणि 1975ची सीबी 400 फोर. दोन्हींचा स्ट्रोक 50 मिलिमीटर; बोअर 47वरून 51वर नेला आणि 347 सीसीचे 408 झाले. पहिलीला चार वेगळे सायलेन्सर, दुसरीचे चारही बेंड एका बाजूला वळून उजवीकडे एका सायलेन्सरमध्ये जातात. ते वळण इतकं देखणं आहे की 350वाल्यांना त्याचा मोह न पडला तरच नवल. पण 400च्या फूटरेस्ट मागे सरकवलेल्या, आणि बेंड त्या जागेचा विचार करून वळवलेले. 350वर लावताना हेडकडे बघू नका, खाली बघा: फूटरेस्ट, ब्रेकचा पायदान, मधला स्टँड. अडचण तिथे निघते.

ही तपासणी गाडी स्टँडवर उभी असताना पुरी होत नाही. पुढचा फोर्क पट्ट्याने पूर्ण दाबा आणि मडगार्ड बेंडला लागतंय का बघा. किक फिरवून बघा. ऑईल फिल्टर आणि ड्रेन नट बेंड न काढता निघतात का, हेही आत्ताच बघा. दर वेळी ऑईल बदलायला बेंड काढायचा म्हटलं की माणूस ऑईल बदलणं लांबवतो.

बसवण्याचा क्रम सांगतो. सगळे नट-बोल्ट आधी हाताने, नुसते धरलेले. मग हेडचे नट आलटून पालटून, थोडे थोडे. मग क्लॅम्प. फ्रेमवरचा बोल्ट सगळ्यात शेवटी. 80 सेंटिमीटरची लोखंडी नळी चारशे अंशांनी तापली की जवळजवळ 4 मिलिमीटर वाढते. ही वाढ कुठेतरी जायला हवी, म्हणून मागे रबराचा बुश किंवा लांबट भोक ठेवा. नाहीतर ती हेडच्या स्टडवरच जाते.

गाडी सुरू केल्यावर थ्रॉटल सोडताना फटफट आवाज आला तर कार्ब्युरेटरच्या जेटला (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाला) हात लावण्याआधी जोड बघा. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. गळणाऱ्या जोडाभोवती एक-दोन दिवसांत काळी काजळी धरते. जोड पक्का निघाला आणि तरी प्लग पांढरा पडत असेल, तर मेन जेट एक नंबर वाढवून बघा.

आणि पहिल्यांदा दहा मिनिटं गाडी चालवून ती पूर्ण गार होऊ द्या. पॅकिंग दबलेलं असतं, हेडचे नट थोडे फिरतात. तेव्हा ते आवळायचे, पण आधी फ्रेमवरचा बोल्ट ढिला करून, आणि तो पुन्हा सगळ्यात शेवटी.