शनिवारी थांबणारा घाणा

नमस्कार.

रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात, जाणत्या माणसांच्या तोंडी एक शब्द असायचा: शनवार तेली. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात तेलाचा घाणा चालवणारी काही घरं होती. शुक्रवारी दिवस मावळायला आला की घाण्याचा बैल सोडायचा, आणि शनिवारी घाणा बंद. शेजारचे हिंदू तेली सोमवारी घाणा थांबवायचे, म्हणून ते सोमवार तेली. हे शनिवारी थांबवायचे, म्हणून हे शनवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. घरात मराठी, अंगावर लुगडं, ताटात भात आणि मासळी. हे आपले बेने इस्राएल, कोकणातले ज्यू.

आजचा व्हिडिओ त्या शनिवारबद्दल आहे. कारण साधारण २२०० वर्षांपूर्वी, जेरुसलेममध्ये, एका राजानं हुकूम काढला होता की शनिवार पाळेल त्याला ठार करा.

[पडद्यावर नकाशा: भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा]

इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर वारला आणि त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतलं. इजिप्त टॉलेमी घराण्याकडे गेलं, सीरियापासून पुढचा पसारा सेल्युकिड घराण्याकडे. मध्ये सापडला यहुदिया, डोंगराळ, लहानसा मुलूख. शंभर वर्षं तो टॉलेमींकडे होता. इ.स.पू. २०० च्या सुमारास पॅनियमच्या लढाईनंतर तो सेल्युकिड राजा अँटिओकस तिसरा याच्याकडे आला.

आता इथे नीट लक्ष द्या. हा नवा राजा ज्यूंशी चांगला वागला. जोसेफस हा ज्यू इतिहासकार त्याचं फर्मानच देतो. ज्यूंनी आपल्या बापजाद्यांच्या कायद्याप्रमाणे राहावं, जेरुसलेममधल्या त्यांच्या मंदिराच्या डागडुजीसाठी लागणारं लाकूड करमुक्त, याजकांना करातून सूट. वाचताना वाटतं, काय हवं आणखी? पण हे सगळं राजाच्या मर्जीनं दिलेलं होतं. आणि पुढे तेहेतीस वर्षांत त्याच्याच मुलानं ते काढून घेतलं.

मधल्या काळात पैशाचं काय झालं ते समजल्याशिवाय पुढचं कळत नाही. अँटिओकस तिसरा रोमशी लढला आणि हरला. इ.स.पू. १८८ च्या अपामियाच्या तहात त्याच्यावर १५,००० टॅलेंट चांदीचा दंड बसला. एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो. हप्ते वर्षानुवर्षं चालू राहणार होते. धाकटा मुलगा ओलीस म्हणून रोममध्ये. आणि त्या काळी मोठा पैसा एकाच ठिकाणी साठलेला असायचा, तो म्हणजे देवळात.

याचा एक दगडी पुरावा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये ग्रीक अक्षरं कोरलेला एक शिलालेख आहे. इ.स.पू. १७८ सालचा. त्याचे खालचे तुकडे मरेशाच्या उत्खननात सापडले आणि वरच्या भागाला बरोबर जुळले. त्यात राजा सेल्युकस चौथा आपल्या हेलिओडोरस नावाच्या अधिकाऱ्याला लिहितो की या प्रांतातल्या मंदिरांवर देखरेखीसाठी ऑलिम्पिओडोरस नावाचा माणूस नेमतो आहे. भाषा अतिशय गोड, देवांविषयीच्या आदराची. आणि मक्काबींच्या, म्हणजे पुढे या राजांविरुद्ध उठलेल्या ज्यू बंडखोरांच्या, दुसऱ्या पुस्तकात हाच हेलिओडोरस जेरुसलेमच्या मंदिराच्या खजिन्यावर चालून आलेला दिसतो. एका बाजूला सरकारी पत्र, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या देवळात माणसं घुसली त्यांची आठवण. दोन्ही हाती असणं इतिहासात क्वचितच घडतं.

इ.स.पू. १७५ मध्ये तो ओलीस राहिलेला मुलगा गादीवर बसला. अँटिओकस चौथा. त्यानं स्वतःला बिरुद लावलं ‘एपिफनीस’, म्हणजे प्रकट झालेला देव. लोक त्याला ‘एपिमनीस’ म्हणत, म्हणजे वेडा.

जेरुसलेममध्येही सगळे एका बाजूला नव्हते, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. जेसन नावाच्या याजकानं राजाला ४४० टॅलेंट कबूल करून महायाजकाचं पद विकत घेतलं. वर आणखी १५० टॅलेंट, शहरात ग्रीक धाटणीची तालीम उभारायची परवानगी मिळावी म्हणून. तिथे तरुण उघड्या अंगानं व्यायाम करत, सुंता झालेली लपत नसे, म्हणून काहींनी ती खूणसुद्धा पुसायचा प्रयत्न केला. थाळीफेकीची हाक आली की याजक यज्ञ सोडून मैदानाकडे धावत, अशी तक्रार लिहून ठेवलेली आहे. तीन वर्षांनी मेनेलाउस नावाच्या दुसऱ्यानं ३०० टॅलेंट जास्त बोली लावली आणि जेसनला हाकललं. देवाच्या सेवेचं पद लिलावात निघालं ते असं. बाहेरचा राजा हात घालतो तेव्हा आतून कुणीतरी दार उघडलेलं असतं, आणि जेरुसलेमच्या सामान्य माणसाला राजापेक्षा याच गोष्टीचा जास्त संताप आला असणार.

इ.स.पू. १६८. अँटिओकस इजिप्त जिंकायच्या बेतात होता. अलेक्झांड्रियाजवळ रोमचा दूत पोपिलियस लेनास त्याच्यासमोर आला. परत जा, असा रोमचा निरोप. राजा म्हणाला, विचार करतो. पोपिलियसनं हातातल्या काठीनं राजाभोवती वाळूत रिंगण काढलं: उत्तर दे, मग बाहेर पड. राजा सगळ्या सैन्यादेखत मान खाली घालून परत फिरला. इकडे जेरुसलेममध्ये तो मेल्याची अफवा पसरून जेसननं बंड केलं होतं. आपला राग राजानं कुठे काढला असेल ते सांगायला नको.

राजाचा सरदार अपोलोनियस फौज घेऊन जेरुसलेमला आला आणि शांतपणे थांबून राहिला. कशासाठी? शनिवारसाठी. त्या दिवशी ज्यू हत्यार उचलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. आधी पहिल्या टॉलेमीनंही असंच शनिवारी जेरुसलेम घेतलं होतं, आणि अगाथार्किडीस या ग्रीक लेखकानं ज्यूंच्या त्या ‘मूर्खपणाची’ टिंगल केली होती. अपोलोनियसनं शनिवारी संचलन काढलं. लोक बघायला आले. मग कत्तल झाली.

आणि इ.स.पू. १६७ मध्ये हुकूम निघाला. शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळायचा नाही. मुलांची सुंता करायची नाही. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या फाडून जाळायच्या. निषिद्ध मांस खायला लावायचं. मंदिर ऑलिम्पियन झ्यूसचं झालं, आणि ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला जुन्या वेदीवर चढवलेल्या नव्या वेदीवर बळी दिला गेला. हे त्या काळात विलक्षण होतं. ग्रीक राजे कर घेत, देवळं लुटत, पण लोकांनी घरात कुठला वार पाळावा यात सहसा पडत नसत. राजानं हे का केलं यावर अभ्यासक आजही भांडतात. माझं मत असं की त्याला ज्यू धर्माशी देणंघेणं नव्हतंच. त्याला बंड मोडायचं होतं, आणि मेनेलाउसच्या गटाशी सल्लामसलत करताना त्याला कळलं की या लोकांचा कणा त्यांच्या कायद्यात आहे.

सुरुवातीचा प्रतिकार कसा झाला ते ऐका. काही कुटुंबं बायकामुलं आणि गुरंढोरं घेऊन वाळवंटात पळाली, कपारींत लपली. सैनिक पोचले. दिवस शनिवारचा. बाहेर या, राजाचं ऐका, जिवंत राहाल, अशी हाळी दिली. आतल्यांनी सांगितलं, येणार नाही आणि शब्बाथही मोडणार नाही. त्यांनी एक दगड फेकला नाही. कपारीचं तोंडसुद्धा दगड रचून बंद केलं नाही, कारण तेही काम झालं असतं. जवळजवळ हजार माणसं गेली.

मी हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. त्या दगडाचाच विचार येत राहिला. हाताशी पडलेला दगड, उचलला तर मुलं वाचतील कदाचित, आणि उचलायचा नाही असं ठरवणारी आई.

ही बातमी मोदीनच्या मत्तथियाला कळली. म्हातारा याजक. त्याआधीच त्याच्या गावात राजाचा अधिकारी बळी द्यायला लावायला आला होता. एक ज्यू पुढे झाला, तेव्हा मत्तथियानं त्याला वेदीवरच मारलं, अधिकाऱ्यालाही मारलं आणि पाच मुलांसह डोंगर गाठला होता. योहान, शिमोन, यहुदा, एलाजार, योनाथान. कपारींतल्या माणसांसाठी त्यांनी शोक केला आणि मग म्हणाले, आपण सगळेच असे वागलो तर पृथ्वीवरून पुसले जाऊ. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की शनिवारी कुणी चालून आलं तर लढायचं.

मला या सबंध कथेत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो, लढायांपेक्षा मोठा. शनिवार राखण्यासाठी शनिवारी तलवार उचलायची, हा निर्णय घेताना त्यांच्या मनाचं काय झालं असेल! आणि त्यांनी ती मुभा ताणली नाही. पुढे यहुदानं, ज्याला मक्काबी म्हणत, निकानोर या सेल्युकिड सरदाराचं सैन्य उधळलं. शत्रू पळत होता, पाठलाग चालू ठेवला असता तर आणखी लूट, आणखी कत्तल. पण तो शब्बाथच्या आदला दिवस होता, उशीर झाला होता. ते परत फिरले.

बेथ होरोनची घाटवाट, एम्माउस, बेथ सूर, या लढाया मी भरभर सोडतो आहे. थोडी माणसं, ओळखीचे डोंगर, रात्रीचे छापे. मराठी माणसाला हे लढणं समजावून सांगावं लागत नाही. इ.स.पू. १६४ मध्ये ते मंदिरात पोचले. दरवाजे जळालेले, आणि अंगणांत रानासारखी झुडपं माजलेली. विटाळलेली वेदी त्यांनी उतरवली. पण त्या दगडांचं करायचं काय? विटाळलेले खरे, तरी पूर्वी पवित्र होते. फेकायची छाती होईना. मग त्यांनी ते मंदिराच्या टेकडीवर एका जागी रचून ठेवले, कुणी नबी, म्हणजे देवाचा संदेष्टा, येऊन सांगेपर्यंत. नवे, छिन्नी न लागलेले दगड आणून वेदी बांधली, आणि किस्लेवच्या २५ तारखेलाच दिवे लागले. आठ दिवस सण झाला. तोच हनुक्का. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ही कथा मात्र तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातली आहे, बरीच नंतरची. मक्काबींच्या पुस्तकांत ती नाही.

लढाई तिथे संपली नाही. इ.स.पू. १६२ मध्ये बेथ जखऱ्याला सेल्युकिडांनी हत्ती आणले. मक्काबींचं पहिलं पुस्तक सांगतं, प्रत्येक हत्तीवर ‘त्याचा भारतीय’ होता. म्हणजे माहूत. राजाचा हत्ती समजून एलाजार एका हत्तीच्या पोटाखाली घुसला, त्याला भोसकलं, आणि हत्ती त्याच्याच अंगावर कोसळला. त्याच वर्षी अँटिओकस चौथ्याच्या मागे गादीवर आलेल्या त्याच्या लहान मुलाच्या दरबारानं धर्माची मोकळीक परत दिली. मर्जी पुन्हा मिळाली! पण यहुदाचं मर्जीवर समाधान राहिलं नव्हतं. तो इ.स.पू. १६० मध्ये लढताना पडला, आणि इ.स.पू. १४२ मध्ये शिमोनच्या काळात यहुदिया करमुक्त, स्वतंत्र झाला.

आणि शिमोनच्या मुलानं, योहान हिर्कानसनं, शेजारचे इदुमियन जिंकून त्यांना सांगितलं: राहायचं असेल तर सुंता करून घ्या. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण हे गाळून मक्काबींची गोष्ट सांगणं खोटेपणाचं होईल. बाप-काकांनी ज्या खुणेसाठी जीव दिला, तीच खूण मुलानं दुसऱ्यांवर लादली.

आता कोकणात परत येऊ.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की अँटिओकसच्या छळाच्या काळात त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे निघाले, नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं; ती दफनभूमी नवगावला आहे. इतिहासकार या काळाबद्दल एकमत नाहीत, इतर तारखाही मांडल्या गेल्या आहेत. म्हणून मी हे पुरावा म्हणून सांगत नाही. पण शेजारी ठेवून बघा. त्यांच्याकडे धर्मग्रंथाची गुंडाळी नव्हती. हिब्रू जवळजवळ विसरलेली, ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर. काय राहिलं होतं? शनिवार. मुलाची आठव्या दिवशी सुंता. आणि खाण्याचे नियम. बाहेरून आलेल्या दाविद राहाबी या ज्यूची कथा प्रसिद्धच आहे, त्यानं बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे मिसळून ठेवले आणि त्यांनी खवले-पर असलेले तेवढे वेगळे काढले.

राजानं ज्यावर बंदी घातली होती, ती यादी आठवा.

आणि हनुक्का त्यांना ठाऊक नव्हता. पुढे बाहेरचे ज्यू भेटल्यावर कळला. तेलाच्या दिव्यांचा सण, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्यांनाच माहीत नाही! समाजातले लोक याचं कारण सांगतात: आमचे पूर्वज दिवे लागायच्या आधीच निघाले होते.

एक गोष्ट मात्र कोकणातल्या या घरांनी फार मनापासून जपली, ती म्हणजे एलियाहू नबीची वाट पाहणं. लग्न असो, नवस फिटो, पोहे, ओलं खोबरं, गोड आणि फळं घालून मालिद्याचं ताट सजतं आणि ‘एलियाहू हन्नबी’ म्हटलं जातं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एक खूण आहे. नबीचा रथ इथे टेकला होता, असं मानतात. लोक अजून तिथे मालिदा घेऊन जातात.

जेरुसलेममधले ते रचून ठेवलेले दगड पुढे कुठे गेले, याचा उल्लेख कुठल्याच पुस्तकात माझ्या वाचनात आलेला नाही. नबी येईपर्यंत, एवढंच लिहिलंय.