चुकांची वही

पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव छापलंय, 'मधल्या शाळेतील विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत वाढ : नियोजन आणि कार्यवाही'. हे बारसं मी केलेलं नाही. संपादणूक हा शब्द फक्त परिपत्रकात राहतो. 'आमच्या मुलाची संपादणूक कशी चाललीय?' असं विचारत कुठली आई शाळेत येत नाही. ती विचारते, 'जमतंय का हो त्याला?' मला पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं सत्कार आणि ओळख यांत गेली. ओळखीत माझे तीन पुरस्कार सांगितले गेले. दोनच आहेत. पण उद्दिष्ट गाठल्याचं आधीच लिहून टाकायची आपल्याला सवय आहे, त्यावर मी येणारच आहे.

मधली शाळा म्हणजे सहावी, सातवी, आठवी. खालच्या वर्गांच्या बाईंना वाटतं, मूल आम्ही घडवलं. वरच्या शाळेला वाटतं, निकाल आम्ही लावला. मधल्या तीन वर्षांत मुलं फक्त उंच झाली, असा एकंदर समज. तुम्ही हसताय म्हणजे तुम्हीही मधलेच.

आधी कबुली देतो. सलग अकरा वर्षं शाळेचा गुणवत्ता विकास आराखडा मीच लिहीत होतो. अक्षर बरं होतं, एवढीच पात्रता. सेहेचाळीस पानं. रकाने तुम्हाला पाठ असतील : सद्यःस्थिती, उद्दिष्ट, उपाय, जबाबदारी, कालावधी, निष्पत्ती. सद्यःस्थिती : गणिताची सरासरी ५४. उद्दिष्ट : ६०. उपाय : जादा तास, सराव, पालकसभा. जबाबदारी : सर्व शिक्षक, म्हणजे कोणीच नाही. कालावधी : वर्षभर. निष्पत्तीचा रकाना वर्षाच्या शेवटी भरायचा असतो, हे मला चौथ्या वर्षी कळलं; तोवर मी तो जूनमध्येच भरून मोकळा होत असे. एकदा जुनाच आराखडा उतरवताना एकतिसाव्या पानावर मागचं साल तसंच राहिलं. फाईल वरून शेरा घेऊन परत आली : 'उत्तम'.

आणि सरासरी! या बाईने आपल्याला फार फसवलंय. वर्गात चाळीस मुलं. वरच्या आठ जणांचे दहा-दहा गुण वाढले की ऐंशी गुण झाले. भागिले चाळीस, सरासरी दोनने वर. बत्तीस मुलं होती तिथेच आणि फलकावर 'प्रगती'. उलट बाजूने, पासाच्या उंबरठ्यावरची पाच-सहा मुलं गाठून घोकून घेतली की उत्तीर्णांचं प्रमाण वाढतं. अगदी खालच्यांकडे कोण बघतो? ती यंदा उंबरठ्यापर्यंत येणार नाहीत, हे आपण जूनमध्येच ठरवलेलं असतं. मीही ठरवलेलं होतं.

मग सातवीतली एक मुलगी भेटली. ही गोष्ट मी जिथे जाईन तिथे सांगतो, ज्यांनी ऐकली असेल त्यांनी खुशाल डुलकी काढावी.

तिच्या पेपरात १/२ + १/३ = २/५ असं होतं. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. वर्षातली चौथी वेळ आणि माझी चौथी लाल फुली. तिला टेबलाशी बोलावलं, आवाज चढवलेलाच होता. म्हटलं, "अशी बेरीज तुला शिकवली कुणी?" ती म्हणाली, "तुम्ही." आणि टेबलावरचं प्रगतिपुस्तक उघडून बोट ठेवलं. पहिली चाचणी २० पैकी १२, दुसरी २० पैकी १५, एकूण ४० पैकी २७. अक्षर माझंच, बरं असलेलं.

मी गप्प. तिचं चुकलं होतं कुठे? गुण असेच मिळवतात. दर चाचणीला नवे वीस गुण येतात, म्हणून खालची संख्याही वाढत जाते. अर्ध्यात एक तृतीयांश मिळवताना मात्र अख्खी वस्तू एकच असते, ती वाढत नाही. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं होतं, 'छेद समान करून घ्या.' का, ते नाही. मग कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. म्हटलं, "अर्ध्यात आणखी काही घातलं तर अर्ध्यापेक्षा जास्त होईल की कमी?" "जास्त." "आता दुसऱ्या पट्टीचे पाच भाग कर, त्यातले दोन घे." तिने पट्टी मोजून खुणा केल्या, दोन्ही शेजारी धरल्या, बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "हे तर अर्ध्यापेक्षा कमी आहे." आणि मग, "सर, गुण लिहायची खूण आणि अपूर्णांक लिहायची खूण एकच का?" याचं धड उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

त्या संध्याकाळी वर्गाचे अडतीसही पेपर पुन्हा काढले आणि गुण न बघता फक्त या एका उदाहरणाची चूक पाहिली. चौदा जणांनी तिच्यासारखंच केलेलं. नऊ जणांना रीत येत होती, पाढा चुकला होता. सहा जणांनी बेरजेऐवजी वजाबाकी केलेली, कारण शाब्दिक उदाहरण त्यांना नीट वाचताच आलं नव्हतं. नऊ बरोबर. चुकलेल्या एकोणतीस पेपरांवर फुली मात्र एकसारखी आणि सेहेचाळीस पानी आराखड्यात उपायही एकच : जादा तास. चौदांना कागदाच्या पट्ट्या हव्या होत्या, नऊंना पाढे आणि सहांना भाषेच्या बाई.

ही काही माझ्याच वर्गाची रड नव्हे. अमेरिकेत १९७८ सालच्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं : १२/१३ + ७/८ याचं उत्तर कशाच्या जवळ येईल? पर्याय १, २, १९, २१. आकडेमोड करायचीच नव्हती. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक, म्हणजे दोन. बरोबर उत्तर दिलं २४ टक्क्यांनी. १९ म्हणणारी मुलं त्यांच्यापेक्षा जास्त होती. बारा आणि सात, एकोणीस! पुढे २०१२ मध्ये रॉबर्ट सिग्लर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि अमेरिकेतली माहिती तपासली. दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार कितपत येतात, त्यावरून पाच-सहा वर्षांनी त्याचं गणित कसं असेल याचा अंदाज येतो. घरचं उत्पन्न आणि बुद्ध्यंक हिशेबात धरूनही. आपली तीन वर्षं नेमकी मधली. उंच होण्याची!

तेव्हापासून शंभर पानी वही घातली. डाव्या पानावर मुलाने लिहिलेलं चुकीचं उत्तर, जसंच्या तसं. उजव्या पानावर, 'असं का केलंस?' विचारल्यावर ते जे बोललं ते. खाली तारीख. सहा आठवड्यांनी त्याच जातीचं उदाहरण पुन्हा द्यायचं आणि काय झालं ते लिहायचं.

स्टाफरूममध्ये थट्टा झाली. इतिहासाचे सर म्हणाले, "तुमचं बरंय, आमच्याकडे चुका कसल्या, सनावळ्या पाठ नाहीत एवढंच." महिन्याने तेच वही घेऊन आले. अर्ध्या वर्गाला वाटत होतं की इसवी सन पूर्व २०० हे इसवी सन पूर्व ३०० च्या आधी येतं. दोनशे लहान, म्हणून आधी. आणि त्याच महिन्यात मी त्याच वर्गात ऋण संख्या शिकवत होतो. उणे तीन हे उणे दोनपेक्षा लहान कसं, यावर मुलं अडून बसली होती. दोन विषय, दोन फुल्या, चूक एकच. आम्ही भिंतभर एक संख्यारेषा काढली, वर त्यांच्या सनावळ्या, खाली माझ्या संख्या, आणि दोन तासिका जोडून घेतल्या. अकरा वर्षांच्या आराखड्यांत 'विषयांचा समन्वय' हे शब्द मी दरवर्षी लिहिले होते. समन्वय झाला तो हा एकदा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं म्हणताहेत. आणि मी तुम्हाला पाच कलमी नियोजन कबूल केलं होतं. बरं, भराभर घ्या.

जूनमध्ये पहिले दोन आठवडे नवा धडा नको. मागच्या इयत्तेतली जेमतेम दहा उदाहरणं द्या, गुण देऊ नका, चुकांचे ढीग लावा. शाळेचा आराखडा त्या ढिगांवरून लिहायचा. दर विषयाला तीन चुका, त्यापुढे एका शिक्षकाचं नाव आणि एक तारीख. एक पान पुरतं.

दुसरं, सहावीत येणारं मूल एका बाईंच्या हातून सहा-सात शिक्षकांच्या हाती जातं. ज्या वयात त्याला कुणीतरी ओळखणारं हवं असतं, त्याच वयात ते हजेरीतला क्रमांक होतं. जॅकलिन एकल्स यांनी यावर बरंच काम केलंय, वेळ असता तर सांगितलं असतं. दर वीसेक मुलांमागे एक शिक्षक नेमा आणि त्याला ती मुलं सर्व विषयांत कुठे अडतात ते ठाऊक असू द्या.

तिसरं, उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं : उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं. न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. तेव्हा तासाची पहिली पाच मिनिटं वह्या मिटून.

चौथं, वहीवर गुण आणि शेरा एकत्र देऊ नका. रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग पाचवी-सहावीच्या मुलांवरचा आहे. नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्याशेजारी गुण पडले की फायदा गेला. मुलं गुण बघतात, शेजाऱ्याचे बघतात आणि वही मिटतात. आपणही पगारपत्रक तसंच बघतो.

पाचवं, दर सहा आठवड्यांनी अर्धा तास बैठक, तीही फाईल न आणता. प्रत्येकाने एकच चूक आणायची आणि ती गेली की नाही ते सांगायचं. गेली नसेल तर आपली रीत बदलायची, मुलाला जादा तासाला बसवायचं नाही. हे पाचवं कलम सगळ्यात अवघड, त्याला खरं तर अर्धा तास हवा होता. तो मी प्रगतिपुस्तकात घालवला.

अध्यक्ष उभे राहिलेत. वह्या मागच्या टेबलावर ठेवल्यात, हाताळा. मुलांची नावं झाकलीत. उजवीकडची काही पानं कोरी दिसतील. तिथे फुली मारली आणि विचारायचं राहून गेलं.