दुखत नाही तेव्हाच

[दृश्य: बार्शी-परंडा रस्ता. ज्वारीची शेतं. उपकेंद्राबाहेर ओट्यावर बसलेल्या बाया.]

दुखलं की दवाखान्यात जायचं, आणि तेही हातातली कामं आटोपल्यावर. आपल्याकडच्या बायकांची ही जुनी रीत. ताप असो, सांधे असोत, निभावून जातं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग मात्र या रीतीचाच फायदा घेतो. तो सुरुवातीला दुखतच नाही.

बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांमध्ये १९८७ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भारतातली ही पहिलीच. कुणाला कुठला कर्करोग झाला, निदान कधी झालं, पुढे काय झालं, हे गावोगाव फिरून लिहिलं जाऊ लागलं. बायकांमध्ये सगळ्यात जास्त नोंदी निघाल्या त्या गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या.

[दृश्य: आकृती. गर्भाशय, त्याचं मुख, योनिमार्ग.]

ज्याला घरात, बायकाबायकांत ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात, तो हा भाग. इथल्या कर्करोगाचं कारण विज्ञानाला नेमकं ठाऊक आहे. एचपीव्ही नावाचा विषाणू. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी १९८३ साली या कर्करोगाच्या गाठीत त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधून काढला, आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे सत्तर टक्के रुग्णांच्या मुळाशी असतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. हे ऐकलं की घरात कुजबुज सुरू होते, बाईच्या चारित्र्यावर बोट जातं. ते साफ चुकीचं आहे. लग्न झालेल्या, एकाच जोडीदारासोबत आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो. तो इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, आणि बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांना धोका. एचआयव्ही, तंबाखू, कमी वयात सुरू झालेला संसार, बरीच बाळंतपणं यांनी हा धोका वाढतो.

ठाण मांडल्यापासून कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या आजाराने आपल्या देशात दरवर्षी सत्तर हजारांहून अधिक बायका जाव्यात, याचा राग यायला हवा.

[दृश्य: तपासणी खोली. पडदा ओढलेला. परिचारिकेचे हात, ट्रे, कापसाचे बोळे.]

तपासणी कशी होते, ते जवळून पाहू. बाई पाठीवर झोपते. परिचारिका स्पेक्युलम नावाच्या साधनाने योनिमार्ग हलकेच उघडते, दिव्याच्या उजेडात गर्भाशयाचं मुख दिसतं. त्यावर पातळ केलेल्या अॅसिटिक आम्लाचा बोळा लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशी बिघडल्या असतील तर तिथे दाट पांढरा चट्टा उमटतो. असा चट्टा म्हणजे कर्करोग झालाच, असं नाही. पुढची तपासणी करून तो भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. बहुतेकींना भूलही लागत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून हे काम दिलं, आणि तिथले या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

त्याहून नेमकी आहे एचपीव्हीची, म्हणजे मुखावरच्या नमुन्यात हा विषाणूच शोधणारी चाचणी. तिचा मोठा पुरावा याच मातीतला आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या ३१,४८८ बायकांच्या गटात या कर्करोगाने ६४ जणी गेल्या. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या ३४,१२६ जणींच्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. जगभरच्या डॉक्टरांनी हे आकडे वाचले. आपल्या देशात मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या शंभरांतल्या दोघींचीही तपासणी झालेली आढळली नाही.

[दृश्य: घराच्या ओसरीवर आशाताई आणि दोघी बाया.]

आता लक्षणं. संबंधानंतर रक्त जाणं. दोन पाळ्यांच्या मधेच रक्त दिसणं. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग पडणं. ‘उष्णतेने झालं असेल’ म्हणून हे कधीही सोडू नका. अंगावरून वास येणारं, रक्ताळलेलं पाणी जाणं. ओटीपोट, कंबर दुखणं, पायाला सूज येणं हे बहुधा फार पुढचं. यातलं बरंचसं साध्या जंतुसंसर्गानेही होतं, म्हणून घाबरू नका, पण दाखवा.

आणि तपासणी लक्षणं नसतानाच करायची. वयाची तिशी ते पासष्टी, दर पाच वर्षांनी, पाळीचे दिवस सोडून. मुलींसाठी नऊ ते चौदा हे लशीचं उत्तम वय. पुण्यात तयार झालेली लसही २०२३ पासून आली आहे. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायची आहे.

[दृश्य: बीड जिल्हा. ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर, मागे बायका.]

एक गोष्ट इथेच बोलायला हवी. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून गेलेल्या कित्येकींना कॅन्सरची भीती घालण्यात आली होती. मुख तपासलं नाही, तिथला तुकडा तपासायला पाठवला नाही, सरळ शस्त्रक्रिया. म्हणून कुणी ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणालं, तर आधी विचारा: मुखाची तपासणी केली का? तुकडा तपासायला पाठवला का? त्याचा कागद हातात द्या. तो घेऊन जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि मगच सही करा.