चवथीच्या ऑर्डरी घेण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

चवथ जवळ आली की गावागावांत फोन सुरू होतात. "काकी, यंदा नेवऱ्या करून देणार मगे? चकली काय भावाने? मुंबईच्या पाहुण्यांसाठी दोन किलो लाडू वेगळे ठेवा." गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कितीतरी बायकांचा पहिला व्यवसाय असाच उभा राहिला आहे. हाताला चव असते, गिऱ्हाईक दारात येतं, आणि बघता बघता शेजारधर्माचा धंदा होतो. आज मला बोलायचं आहे ते या टप्प्यावरच्या माणसांशी. विकायला पहिला घाणा तळण्याआधी अन्न व्यवसायाची नोंदणी करून घ्या.

"आमचं एवढंसं काम, आम्हाला कसली नोंदणी?" असं बरेचजण विचारतात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा, आणि परवाना व नोंदणीचे नियम 2011 पासून लागू आहेत. या नियमांत लहान व्यावसायिक मुद्दाम वेगळा काढलेला आहे. घरातून डबे देणारी बाई, रस्त्याकडेचा रोस ऑमलेटचा गाडा, जत्रेत चार दिवस खाजे विकणारा, डोक्यावर टोपली घेऊन फिरणारी, हे सगळे त्यात येतात. 2011 च्या मूळ नियमांत वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असली तर फक्त नोंदणी आणि त्यावर गेली तर परवाना, अशी विभागणी केलेली होती; आजची मर्यादा अर्ज करताना बघून घ्या. नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये. एक किलो चांगल्या खोबऱ्याला याहून जास्त पैसे पडतात.

आता सगळ्यात जास्त घोटाळा कुठे होतो, ते सांगतो. पंचायतीत जाऊन व्यवसायाचा दाखला काढला, पावती हातात आली, की काम झालं असं माणसं धरून चालतात. पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला जागेसाठी असतो: या घरात, या दुकानात, या कोपऱ्यावर धंदा करायला हरकत नाही, एवढंच तो सांगतो. खाण्याच्या पदार्थाची नोंदणी आपल्याकडे अन्न आणि औषध प्रशासन करतं. त्यांचं मुख्य कार्यालय बांबोळीला आहे. हॉटेल किंवा खानावळ काढायची असेल तर आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखलाही बघावा लागतो. ही दारं वेगवेगळी आहेत, आणि एका दारातला कागद दुसऱ्या दारात चालत नाही.

अर्जासाठी मात्र वाळपईहून बांबोळी गाठायला नको. फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर तो भरता येतो. 2020 साली हे पोर्टल देशात ज्या पहिल्या काही राज्यांत सुरू झालं, त्यांत गोवा होता. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पत्ता ही मुख्य सामग्री. गोव्यात अडतं ते पत्त्यावर. घर आजोबांच्या नावावर, घरपट्टी थोरल्या काकांच्या नावावर, वीजबिल तिसऱ्याच्या, आणि आधार कार्डावर माहेरचा पत्ता. एकत्र घरात हे नेहमीचंच. अर्जाला बसण्याआधी हे कागद एकदा टेबलावर मांडा, आणि स्वयंपाक जिथे होणार तोच पत्ता द्या. घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आधीच लिहून घ्या. चवथीच्या आठवड्यात काकांना शोधत फिरायला नको.

अर्ज पोचल्यावर 7 दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची असते, किंवा लेखी कारण देऊन नाकारायची असते, किंवा तपासणीची नोटीस द्यायची असते. तपासणी ठरली तर 30 दिवसांत निर्णय. या मुदतीत काहीच कळवलं नाही तर लहान व्यावसायिकाला काम सुरू करण्याची मुभा नियमातच आहे. हे माहीत असू द्या. कार्यालयात बोलताना आवाज चढवावा लागत नाही, नियम माहीत असला की पुरे.

तपासणीची भीती बाळगू नका. पाणी कुठलं, विहीर झाकलेली आहे का, खिडकीला जाळी आहे का, कच्ची मासळी आणि तयार पदार्थ वेगळे ठेवता का, केर कुठे टाकता, हात धुवायला साबण आहे का, हेच बघितलं जातं. आपल्या आईने स्वयंपाकघरात याहून कडक शिस्त पाळली होती. तळणाऱ्यांनी तेलाकडे मात्र खास लक्ष द्यावं. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढतात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला 2018 पासून बंदी आहे. भज्याच्या कढईतलं तेल काळं, दाट झालं आणि फेस धरू लागलं, की ते ओतून टाकण्यातच शहाणपण. काल उरलेल्या तेलात नवं तेल घालून काम निभावू नका. समोर उभं राहून खाणारं मूल कोणाचं तरी आहे.

नोंदणी झाली की 14 अंकी क्रमांक मिळतो. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं. पाकीट बंद करून विकणार असाल तर तो क्रमांक लेबलवर हवा, आणि त्यासोबत पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलं आहे, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, तुमचा पत्ता आणि शाकाहारी असेल तर चौकटीतला हिरवा ठिपका. आपल्या खाज्याला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळालं, बेबिंकाला 2023 मध्ये. पण पणजीच्या दुकानदाराने बिनक्रमांकाचं पाकीट फळीवर ठेवायला नकार दिला, तर त्या मानाचा घरी खाजे करणाऱ्याला काय उपयोग? मला खरं वाईट वाटतं ते इथे. उत्तम चवीचा माल गावातच अडकून राहतो, आणि बाहेरून आलेलं चकचकीत पाकीट पर्यटकाच्या पिशवीत जातं. घरपोच जेवण पोचवणारी अॅपसुद्धा हा क्रमांक असल्याशिवाय तुम्हाला घेत नाहीत.

अर्ज भरायला कोणाची मदत लागली तर जरूर घ्या. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम सहज करेल. एजंटाला 100 रुपयांच्या कामासाठी हजारो रुपये देऊ नका. आणि दुसऱ्या कोणीही अर्ज भरला, तरी त्यात मोबाइल नंबर तुमचाच घाला. तपासणीची नोटीस, त्रुटीची सूचना, प्रमाणपत्र, सगळं त्या नंबरावर आणि ईमेलवर येतं. एजंटाचा नंबर पडला तर नोटीस त्याला जाते, उत्तर द्यायची मुदत टळते, आणि अर्ज का फेटाळला हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. अर्ज पाठवण्याआधी तो नंबर स्वतः वाचून बघा.

नमस्कार.