पाहुणेही अस्पृश्यच

नमस्कार श्रोतेहो.

1937 सालचा जानेवारी महिना. म्हैसूरला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेची जागतिक परिषद भरली होती. त्यासाठी आलेल्या एका अमेरिकन प्रतिनिधीला अस्पृश्यांच्या एका शाळेतून बोलावणं आलं. चार शब्द बोला म्हणाले. पाहुणे सुटाबुटातले, ताठ कण्याचे. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र शाखेचे प्रमुख. मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली. हे आपल्यासारखेच अस्पृश्य आहेत, आणि अस्पृश्य असूनही एवढे मोठे झालेत, असा त्या ओळखीचा मतलब होता.

पाहुणे चपापले. त्यांना रागही आला. पुढे आत्मचरित्रात त्यांनी तो लपवलेला नाही. इतकं शिकलो, इतकं फिरलो, आणि इथं येऊन मी अस्पृश्य? मग त्यांनी मनाशी हिशेब मांडला. माझ्या गावी मी कुठल्या हॉटेलात बसू शकतो? आगगाडीच्या कुठल्या डब्यात चढू शकतो? हिशेब मुख्याध्यापकांच्या बाजूनं लागला.

या पाहुण्यांचं नाव बेंजामिन एलिजा मेज. मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू म्हणून त्यांचा उल्लेख होतो आणि बहुतेकदा तिथंच थांबतो. मेज हे बॅप्टिस्ट पंथाचे पाळक होते. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक 'पाळकसाहेब' म्हणतात ना, तेच. पण चर्चच्या व्यासपीठावरून ते बाहेर पडले ते थेट वर्तमानपत्रांच्या स्तंभांत, विद्यापीठांत आणि सभागृहांत, आणि पन्नासएक वर्षं अमेरिकेला वर्णभेदाबद्दल खडसावत राहिले.

त्यांचा जन्म 1894 चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातला. जवळच्या गावाचं नाव मोठं गमतीचं आहे, नाइन्टी सिक्स. म्हणजे चक्क 'शहाण्णव'! आईवडील दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. वडील हेझेकाया नऊ-दहा वर्षांचे असताना गुलामगिरी संपली. इथं मला जोतीराव फुले आठवतात. त्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल. म्हणजे पुण्यातला हा माणूस ज्या मुक्तीबद्दल दूरदेशीच्या लोकांचे आभार मानत होता, त्या मुक्तीच्या पदरात जी मुलं पडली, त्यांतला एक हेझेकाया.

आता 'गुलामगिरी' निघाल्यावर पंचवीस वर्षांनी या हेझेकायाच्या बाबतीत काय घडलं ते ऐका. 1898 चा नोव्हेंबर. निवडणुकीचे दिवस. काळ्यांना मतदानापासून दूर ठेवणारे कायदे राज्यात आधीच झाले होते, तरी फिनिक्स नावाच्या जवळच्या वस्तीत काही जणांनी आपली तक्रार लेखी नोंदवायला सुरुवात केली. त्यावरून गोळीबार झाला आणि पुढे कित्येक दिवस गोऱ्यांच्या टोळ्या घोड्यांवरून, बंदुका घेऊन परिसरात फिरत होत्या. काळ्या माणसांची हत्याकांडं झाली. अशीच एक टोळी मेजांच्या वडिलांसमोर येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या, बंदुका रोखल्या आणि टोपी काढायला लावली. मग म्हणाले, वाक. पुन्हा वाक. आणखी एकदा. हेझेकाया वाकत राहिले. शेजारी चार वर्षांचा बेनी उभा होता. आयुष्यातली आपली पहिली आठवण म्हणून मेज हीच सांगत. कुणाला पहिली आठवण आईच्या कुशीची असते, कुणाला पावसाची. यांची ही.

आपल्या भाषेत डोकं पेलणाऱ्या अवयवालाही मान म्हणतात आणि सन्मानालाही. बापाच्या दोन्ही माना त्या दिवशी एकदमच खाली गेल्या.

पुढे हा मुलगा मोठा होत असताना एकदा पोस्टात गेला होता. स्वच्छ कपडे, सरळ चाल. गावातल्या एका गोऱ्या डॉक्टरनं त्याच्या तोंडावर फाडकन मारली. कारण काय, तर तू फार नीटनेटका दिसायला बघतोयस! उलटून मारलं असतं तर जीव गेला असता, हे मुलाला पक्कं ठाऊक होतं.

शाळा वर्षातून चारच महिने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उरलेले आठ महिने कापसाचे. विदर्भातल्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कापूस वेचणीला आला की घरातली लहानगी बोटंसुद्धा शेतात लागतात. पण बेनीला शिकायचं होतं. खेचराच्या मागून नांगर धरून चालताना तो त्यासाठी प्रार्थना करायचा. नऊ वर्षांचा असताना चर्चमध्ये त्यानं येशूचं डोंगरावरचं प्रवचन तोंडपाठ म्हणून दाखवलं. म्हाताऱ्या बायका उभ्या राहून रुमाल हलवायला लागल्या, माणसं पाय आपटायला लागली. हा पोरगा काहीतरी होणार, असं त्या दिवशी सगळ्या मंडळीनं ठरवूनच टाकलं. मला वाटतं, गोऱ्यांच्या जगानं दिलेल्या त्या थपडेला खरं उत्तर या रुमालांनी दिलं होतं.

वडिलांना मात्र हे शिक्षणाचं खूळ पसंत नव्हतं. काळ्या माणसाला सचोटीचे धंदे दोनच, शेती आणि धर्मोपदेश, आणि दोन्हींना शाळा लागत नाही, असा त्यांचा हिशेब. ऑरेंजबर्गच्या शाळेला निघताना त्यांनी रागानं दहा डॉलरची नोट मुलाच्या अंगावर फेकली. तिथं टिकून राहण्यासाठी या मुलानं रात्री-अपरात्री शाळेचे संडास साफ केले. माध्यमिक शिक्षण संपलं तेव्हा वय बाविशीला टेकलेलं, आणि वर्गात पहिला नंबर.

पुढचं शिक्षण भराभर सांगतो. एक वर्ष व्हर्जिनियात, मग उत्तरेकडच्या मेन राज्यातलं बेट्स कॉलेज. गोऱ्या मुलांशी बरोबरी करता येते की नाही, हे एकदाचं ताडून बघायचं म्हणून मुद्दाम निवडलेलं. 1920 साली तिथून सन्मानानं पदवी. अटलांटातल्या शायलो बॅप्टिस्ट चर्चमध्ये पाळक म्हणून तीन वर्षं, त्याच काळात तिथल्याच मोरहाउस या काळ्यांच्या कॉलेजात गणिताचे शिक्षक. पैशासाठी सुट्टीत आगगाडीच्या पुलमन डब्यांत हमाली केली, प्रवाशांची अंथरुणं घातली. शिकागोची डॉक्टरेट मिळाली 1935 साली, चाळिशीत.

पण त्याआधीचं एक काम सांगायलाच हवं. जोसेफ निकोल्सन या सहकाऱ्याबरोबर मेजांनी शहरांतली 609 आणि खेड्यांतली 185 काळी चर्चेस प्रत्यक्ष पाहिली. जमाखर्च तपासले, प्रवचनं ऐकली. 1933 साली त्याचं पुस्तक निघालं आणि ते वाचून कितीतरी पाळक चिडले असतील. कारण त्यात स्वतःच्याच मंडळींची गय केलेली नव्हती. चर्चेस गरजेपेक्षा जास्त, डोक्यावर कर्ज, उपदेशक अर्धशिक्षित आणि प्रवचनं परलोकाची. पण त्याच पुस्तकात हेही होतं की काळ्या माणसाच्या हातात पूर्णपणे त्याची स्वतःची म्हणावी अशी ही एकच संस्था आहे, आणि तिथं झाडूवालासुद्धा रविवारी 'कुणीतरी' असतो. घरच्या माणसानं घरची झडती घ्यावी तशी ही झडती आहे. धर्मोपदेशकाचा विचारवंत झाला तो इथं, असं माझं मत.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. म्हैसूरच्या त्याच दौऱ्यात मेज आणि त्यांचे सहकारी चॅनिंग टोबियस वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्याच सुमारास खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं आणि गांधीजी सेगावात मुक्कामाला होते. सेगावचं सेवाग्राम व्हायचं होतं अजून. सेवाग्रामच्या त्या मातीच्या भिंती आणि बुटकी दारं ज्यांनी पाहिलीत, त्यांनी हे डोळ्यांपुढे आणावं. त्या दारातून आत जाताना वाकावंच लागतं, पण ते वाकणं वेगळं.

दीडेक तास बोलणं झालं. मेजांच्या मनात दोन गोष्टी होत्या. पहिली, अहिंसा म्हणजे नेमकं काय? मार खात गप्प बसणं का? गांधीजी म्हणाले, नाही. ती निष्क्रिय नाही, ती कामाला लागलेली शक्ती आहे. आणि आंदोलन हिंसेकडे वळतंय असं दिसलं, तर ते मागे घेण्याची ताकद नेत्यात हवी. हे उत्तर मेज घरी घेऊन गेले.

दुसरी गोष्ट टोचणारी होती. तुम्ही अस्पृश्यतेवर हल्ला चढवता, मग जातिव्यवस्थेवरच का नाही? गांधीजींचं उत्तर साधारण असं होतं, की जात ही कामांची वाटणी आहे, ती समाजाला लागते. अस्पृश्यता मात्र कलंक आहे.

श्रोतेहो, हा प्रश्न विचारला गेला तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांचं 'जातिनिर्मूलन'वरचं भाषण छापून येऊन वर्षही झालं नव्हतं. लाहोरच्या मंडळानं रद्द केलेलं ते भाषण बाबासाहेबांनी 1936 च्या मे महिन्यात स्वतः छापलं आणि जुलैत गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याला उत्तर दिलं. येवल्याची घोषणा त्याच्या आदल्याच वर्षीची. म्हणजे साउथ कॅरोलायनाच्या कापसाच्या शेतातून आलेल्या माणसानं विदर्भातल्या कापसाच्या मुलखात बसून नेमका तोच प्रश्न विचारला. तो त्यानं कुठल्या पुस्तकातून उचलला असेल असं मला वाटत नाही. संडास साफ केलेल्या माणसाला कामांची वाटणी म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि गांधीजींविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो, दुसरं उत्तर तोकडं पडलं.

1940 साली मेज मोरहाउसचे अध्यक्ष झाले आणि सत्तावीस वर्षं राहिले. आल्या आल्या त्यांनी विद्यार्थ्यांची थकलेली फी वसूल करायला काढली, त्यावरून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं 'बक बेनी'. बक म्हणजे डॉलर. मंगळवारी सकाळी प्रार्थनागृहात ते बोलायचे. वेगळ्या दारानं, वेगळ्या जिन्यानं वरच्या सज्जात बसवणाऱ्या थिएटरात पाय ठेवू नका, हे पोरांना पुन्हा पुन्हा सांगायचे. कायद्यानं बसवलं तर बसावं लागेल, पण तिकीट काढून अपमान विकत घेऊ नका. युद्धामुळे मुलं कमी झाली म्हणून कॉलेजनं अकरावी झालेल्यांनाही प्रवेश दिला. त्यातून 1944 साली पंधरा वर्षांचा एक मुलगा आला आणि मंगळवारची भाषणं ऐकायला लागला. प्रवचन संपलं की पाठोपाठ अध्यक्षांच्या खोलीत जाऊन वाद घालायचा. तो मार्टिन.

किंगना गांधी मेजांनीच दिला, असं पुष्कळदा सांगतात. ते पूर्ण खरं नाही. किंगनी स्वतः श्रेय दिलंय ते भारतातून परतलेल्या, हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन यांच्या फिलाडेल्फियातल्या भाषणाला. मेजांनी दिलं ते निराळंच. पाळक झालं तरी डोकं वापरता येतं आणि धर्म माणसाला ताठ उभं करू शकतो, याचा चालता-बोलता पुरावा. 1956 साली दक्षिणेतल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या बसगाड्यांवरचा बहिष्कार पेटला होता आणि किंगच्या घरावर बाँब पडला होता. तेव्हा त्याच्या वडिलांनी अटलांटातल्या वडीलधाऱ्यांना घरी बोलावलं. पोराला परत जाऊ देऊ नका, एवढंच त्यांना सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. किंग म्हणाला, मी जाणार. तेव्हा वडिलांच्या विरोधात त्याची बाजू घेतली ती मेजांनी. स्वतःच्या वडिलांची दहा डॉलरची नोट ते विसरले नसावेत.

त्याआधी 1955 च्या नोव्हेंबरात मेम्फिसच्या एका बड्या हॉटेलात दक्षिणेतल्या इतिहासकारांसमोर ते बोलले होते. शेजारी विल्यम फॉकनरसारखा कादंबरीकार. मेजांचा मुद्दा असा होता, की वेगळं ठेवण्याचं सर्वांत मोठं पाप म्हणजे ते दोघांनाही बिघडवतं. ज्याला वेगळं ठेवलं त्याला उगाच हीन वाटतं, आणि ज्यानं ठेवलं त्याला उगाच श्रेष्ठ. दोन्ही खोटं. 1946 पासून 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला ते हेच निरनिराळ्या तऱ्हांनी लिहीत होते.

गुरू-शिष्यांमध्ये एक करार होता. जो मागे राहील त्यानं दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचं. वयाच्या हिशेबानं हे काम किंगचं होतं. 9 एप्रिल 1968 ला मोरहाउसच्या आवारात त्र्याहत्तर वर्षांचे मेज उभे राहिले आणि म्हणाले, हे म्हणजे आपल्याच गेलेल्या मुलाविषयी बोलायला सांगण्यासारखं आहे.

त्यानंतर दुसरा कुणी आत्मचरित्र लिहीत स्वस्थ बसला असता. मेजांनी आत्मचरित्र लिहिलंच, पण 1969 साली, पंचाहत्तरीत, अटलांटाच्या शाळा मंडळाची निवडणूकही लढवली. निवडून आले आणि पुढच्या वर्षी मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. 1973 साली त्यांनी एक तडजोड मान्य केली. मुलांना बसनं शहरभर फिरवून शाळा मिश्र करण्याचा हट्ट सोडायचा आणि बदल्यात शाळांच्या कारभारात काळ्यांना अधिकाराच्या जागा घ्यायच्या. त्यांच्याच बाजूचे लोक खवळले. नागरी हक्कांच्या राष्ट्रीय संघटनेनं स्वतःच्या अटलांटा शाखेवर कारवाई केली. मेज ढळले नाहीत. गोरी कुटुंबं शहर सोडून चाललीच आहेत, मग मिसळायचं कुणाशी, असा रोकडा सवाल होता. बरोबर होतं की चूक, यावर तिथं आजही वाद आहे. मला त्यात शेतकऱ्याचा मुलगा दिसतो, उभं पीक किती हाताशी लागेल ते बघणारा.

1981 पर्यंत ते त्या खुर्चीत होते. 1984 च्या मार्चमध्ये अटलांटात वारले. मंडळाच्या बैठकांत शहरातल्या शाळांच्या कारभाराची चर्चा व्हायची, आणि अध्यक्षस्थानी चारमाही शाळेत शिकलेला बेनी असायचा.