एक क्विंटल धान, चार तारा

[पडदा काळा. एकच खालचा सूर वाजतो.]

हा व्हिडिओ मोबाईलवर पाहत असाल, तर आत्ता वाजलेला सूर तुमच्यापर्यंत धड पोचलेला नाही. तो काढायची ताकद मोबाईलच्या स्पीकरात नसते. हेडफोन लावा, मग पुढं बोलू.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. पेटीवाल्यांच्या हिशेबात ती पांढरी तीन, फक्त फार खालची. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा, पांढरी दोन असली, तर मी ती तार एक सूर उतरवून घेतो, म्हणजे खालचा सा हाताशी येतो. तालमीत हे दोन मिनिटांचं काम आहे. पण गायक ऐन कार्यक्रमात पट्टी बदलतो तेव्हा चेहरा शांत ठेवून वाजवावं लागतं.

[वडसा. नाटक मंडळांचे फलक. वाद्यांच्या पेट्या चढवलेली गाडी.]

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातला. दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकं, एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, उन्हाळ्यात लग्नांचे ऑर्केस्ट्रा, आणि पाऊस पडला की रोवणा, म्हणजे धानाची लावणी. पऱ्हे लावून लावून बोटांचे घट्टे पार भिजून जातात. दिवाळीआधी बोटं पुन्हा तयार करावी लागतात.

इकडं वाद्याची किंमत धानात सांगितली की लोकांना पटकन कळते. 2024-25 च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. बऱ्या कंपनीचा नवा शिकाऊ बेस वीस हजारांच्या आसपास येतो, म्हणजे आठ-नऊ क्विंटल. अमेरिकेत बनलेला फेंडर घ्यायचा तर दीड-दोन लाखांच्या पुढे. तेवढं धान आमच्याकडं कित्येक घरी वर्षाचंही होत नाही.

फेंडरचा पहिला प्रिसिजन बेस 1951 साली आला. चार तारा, वाजणाऱ्या तारेची लांबी 34 इंच, आणि मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे सूर नेमका कुठं दाबायचा हे डोळ्यांना दिसतं. आजच्या स्वस्तातल्या बेसचाही घाट बहुतेक तोच आहे. म्हणून माझं स्पष्ट मत: महागड्या लाकडाच्या गोष्टी ऐकाव्यात, पैसे मात्र दुसरीकडे घालावेत. जुना बेस घ्या, मान सरळ आहे का पाहा, तारांची उंची नीट करून घ्या. विदर्भातला उन्हाळा सोसायचाय त्याला. मे महिन्यात लाकूड सुकून आक्रसतं, पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि मान हलते. मानेच्या आत लोखंडी सळई असते. एलन की घेऊन ती पाव फेरा फिरवायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. घाई केली तर सळई तुटते, आणि मग दुरुस्तीचा खर्च बेसच्या किमतीला जाऊन भिडतो.

[चुलीवर उकळतं पाणी. त्यात गुंडाळलेल्या तारा.]

खरं रडगाणं तारांचं. चांगला संच दोन हजारांच्या घरात जातो. चार तारांना जवळपास एक क्विंटल धान! घामानं, धुळीनं त्यांची चमक जाते आणि आवाज बसतो. मग त्या काढून गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घेऊन उकळायच्या. मळ सुटतो आणि काही कार्यक्रमांपुरती तार पुन्हा बोलते. घरात यावरून बोलणी बसतात. "त्याच गंजात भात शिजवाचा हाय मले," हे ऐकत ऐकत मी तारा पुसतो.

अमेरिकेत मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन तार तुटेपर्यंत बदलतच नसे. उजव्या हाताचं एकच बोट वापरून त्यानं कितीतरी गाजलेली गाणी वाजवली, आणि वर्षानुवर्षं रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं. आपल्याकडं कॅसेटच्या कव्हरवर गायक, संगीतकार, गीतकार छापायचे. आर. डी. बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ बेस वाजवायचे, हे मला फार उशिरा कळलं. ती गाणी मी आधी लहान टेपवर ऐकली होती. पुढं एकदा मोठ्या बॉक्सवर ऐकली तेव्हा समजलं, गाणं खालून चालवणारा कुणी आहे.

पण आवडतं संगीत विचाराल तर मी आधी भजन सांगीन. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, मूठभर कणीक लावली की जो घुमारा निघतो, त्याला विजेची गरज पडत नाही. तबल्याचा डग्गा, ढोलकीची धूम आणि माझा बेस यांचं आवाजाचं क्षेत्र जवळजवळ एकच. दोघंही भरभरून वाजवू लागलो तर ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. डग्गा घुमतो तिथं मी गप्प बसतो. हे मला कुण्या गिटारवाल्यानं शिकवलं नाही, तबलजीच्या डोळ्यांनी शिकवलं. भीमगीतांच्या कार्यक्रमात मात्र मी मोकळा असतो. कोरस मोठा, टाळ्यांचा ठेका पक्का, आणि सा-पवर ठाम उभं राहिलं तरी गाणं भरतं.

[रात्र. कापणी झालेल्या रिकाम्या बांध्या. लांबून नाटकाचा आवाज.]

हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची त्या मानानं उबदार राहते. अशा हवेत वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. बारीक सूर वाटेतच विरतात, जाड टिकतात. पुढच्या गावातल्या माणसाला गाण्याचे शब्द कळत नाहीत, बेस कळतो.

मात्र तो आधी बॉक्समधून निघायला हवा. त्या 41 थरथरींच्या सुरातली एक लाट सत्तावीस फुटांची असते. तेवढी हवा ढकलायला मोठा स्पीकर लागतो, आणि खर्च खरा तिथं आहे. माझी वायर कीबोर्डच्या बॉक्सात खुपसून "झालं ना दादा" म्हणणारे साउंडवाले भेटले की मी वाजवतो, पण वाजवल्याचं समाधान होत नाही.

आता कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेस वाजवतो. मंडळाचं एक मानधन वाचतं, त्यांचाही हिशेब चुकीचा नाही. चाल सरळ असेल तर फरकही पडत नाही. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर तशी उतरत नाही, आणि आमच्या नाटकातल्या रडवणाऱ्या गाण्यांना ती लागतेच. त्या गाण्यांसाठी मला अजून बोलावतात. यंदा एका मंडळाला मी सांगितलं, मानधन तेच ठेवा, पण माझ्यासाठी पंधरा इंची बॉक्स वेगळा लावा. त्यांनी मानलं. तारांचे पैसे मात्र माझेच.