प्रॉव्हिडन्स, १८८४: एका खांद्यावर उभं राहिलेलं विजेतेपद

मंडळी, बेसबॉल आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही, हे मला माहीत आहे. तरीही आजचा विषय मी हट्टानं निवडला. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, सॉफ्टबॉल शिकवायचो. एका वर्षी आमच्या पिचरला, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, मी एकाच दिवशी लागोपाठ तीन सामने खेळवलं. आम्ही जिंकलो. संध्याकाळी तो पोरगा शर्टात हात घालायला गेला तर हात वर जाईना. मीच त्याचा शर्ट घातला, बटणं लावली. त्या दिवसापासून रॅडबर्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

चार्ल्स रॅडबर्न. १८८४ साली अमेरिकेतल्या नॅशनल लीगमध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाचा पिचर. प्रॉव्हिडन्स हे ऱ्होड आयलंड या त्या देशातल्या सगळ्यात छोट्या राज्याचं शहर, वस्ती लाखाच्या थोडी वर. कापडगिरण्या आणि दागिन्यांचे कारखाने, आणि ट्रेननं तासाभराच्या अंतरावर बॉस्टन, म्हणजे श्रीमंत शेजारी आणि हाडवैरी. रॅडबर्न मात्र इथला नव्हे. तो इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टनचा, तरुणपणी खाटकाचं काम केलेला, मोजकं बोलणारा, तापट माणूस. वय २९.

त्या वेळचा खेळ डोळ्यांसमोर आणा. आज पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. तेव्हा त्याच्या चौकटीची पुढची रेघ ५० फुटांवर होती. बॅटर आधीच सांगायचा, मला उंच हवा किंवा खाली हवा, आणि तसाच चेंडू टाकावा लागे. हात खांद्याच्या वर नेऊन फेकायला नॅशनल लीगनं परवानगी दिली ती याच हंगामात. आपल्या क्रिकेटमध्ये ती मोकळीक १८६४ मध्येच मिळाली होती, हे लक्षात घ्या. हातमोजे म्हणाल तर बॅटरच्या मागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या हातात जेमतेम पातळ चामडं. थर्ड बेसवरचा, म्हणजे धावणाऱ्यांच्या तिसऱ्या टप्प्याशी उभा राहणारा, जेरी डेनी तर अखेरपर्यंत उघड्या हातांनी खेळला. आणखी एक नियम पुढे लागणार आहे: दुखापत झाल्याशिवाय बदली खेळाडू आत येत नसे. म्हणून दुसरा पिचर संघात घ्यायचा असेल तर त्याला राइट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, उभं करून ठेवायचे, आणि गरज पडली की दोघांनी जागा बदलायच्या.

मॅनेजर होता फ्रँक बँक्रॉफ्ट. हुशार आणि व्यवहारी. त्याच्याकडे पिचर दोन. रॅडबर्न, आणि कॅलिफोर्नियाहून आलेला २१ वर्षांचा चार्ली स्वीनी. स्वीनीचा चेंडू जबर वेगाचा. ७ जूनला त्यानं बॉस्टनच्या १९ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे नीट फटका मारू न देता बाद केलं. नऊ इनिंगच्या, म्हणजे दोन्ही संघांच्या बॅटिंगच्या नऊ फेऱ्यांच्या, सामन्यात हा आकडा पुढे १९८६ पर्यंत, शंभराहून जास्त वर्षं, कुणी ओलांडला नाही. पोराचं कौतुक वाढलं आणि रॅडबर्न आतून जळू लागला. १६ जुलैला बॉस्टनविरुद्धच अंपायरच्या निर्णयावरून त्याचा तोल गेला, चेंडू वाटेल तसे जाऊ लागले, सामना हातचा गेला. संचालकांना वाटलं, हा मुद्दाम हरला. त्यांनी त्याला निलंबित केलं, पगारही बंद.

सहा दिवसांनी, २२ जुलैला, स्वीनी दारू पिऊन मैदानात आला. संघ पुढे होता. बँक्रॉफ्टनं त्याला राइट फील्डमध्ये जायला सांगितलं, कारण तिथे उभा असलेला सायक्लोन मिलर आता चेंडू टाकणार होता. स्वीनीनं नकार दिला आणि तो सरळ मैदान सोडून निघून गेला. त्याच्या जागी कुणाला आणता येईना. प्रॉव्हिडन्स उरलेल्या आठ जणांनिशी खेळलं आणि जिंकत आलेला सामना हरलं. त्यांनी स्वीनीला काढून टाकलं. थोड्याच दिवसांत तो सेंट लुइसच्या संघातून, युनियन असोसिएशन या नव्या लीगमध्ये खेळू लागला. इकडे संचालक संघच बंद करायच्या विचारात होते.

आता माझ्या दृष्टीनं या हंगामातली खरी घटना येते, आणि ती मैदानावर घडली नाही. त्या काळी नॅशनल लीगमध्ये खेळाडू राखून ठेवायचा नियम होता. करार संपला तरी राखीव यादीतला खेळाडू आपल्या मर्जीनं दुसऱ्या संघात जाऊ शकत नसे. १८७९ मध्ये प्रत्येक संघाला पाच जण राखता येत. १८८३ पर्यंत ही संख्या ११ झाली, म्हणजे जवळजवळ अख्खा संघच बांधलेला. रॅडबर्ननं संचालकांपुढे सौदा ठेवला: उरलेल्या हंगामात चेंडू मी टाकतो. त्याबदल्यात पगार वाढवा, आणि हंगाम संपला की मला या राखीव यादीतून मोकळं करा. त्यांनी मान्य केलं.

या कथेला लोक पराक्रम म्हणतात. मी तिला व्यवहार म्हणेन, आणि तसं म्हटल्यानं रॅडबर्न मला अधिकच मोठा वाटतो. विकायला त्याच्याकडे एकच वस्तू होती, उजवा हात. ती त्यानं स्वतःच्या सुटकेसाठी गहाण टाकली.

२३ जुलै ते २४ सप्टेंबर या काळात संघाचे ४३ सामने झाले. ४० सामन्यांत सुरुवातीला रॅडबर्न होता. जिंकले ३६. मधे सलग वीस विजय आले. ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या मैदानावर तर दहा इनिंगपर्यंत दोन्ही बाजूंना शून्य. अकराव्या इनिंगमध्ये प्रॉव्हिडन्सच्या आर्थर अर्विननं मारलेला चेंडू कुंपणाला पडलेल्या भोकातून पलीकडे गेला, होम रन झाला, म्हणजे त्या एका फटक्यावरच धाव मिळाली, आणि सामना १-० असा सुटला.

या दिवसांतल्या सकाळी कशा होत्या, याची आठवण बँक्रॉफ्टनं पुढे सांगितली आहे. झोपेतून उठल्यावर रॅडबर्नला हात वर उचलता येत नसे, केस विंचरणंसुद्धा अवघड. तो इतरांच्या आधी मैदानावर जायचा आणि चेंडू अगदी काही फुटांवर, लहान मूल टाकतं तसा, हळूच टाकायचा. मग थोडं मागे सरकायचा. पुन्हा थोडं मागे. असं करत करत आउटफील्डमधून थेट होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथपर्यंत, चेंडू जाईपर्यंत हे चालायचं. बाकीचे खेळाडू आपापला सराव सोडून तिकडे डोळे लावून उभे असत. शेवटचा चेंडू प्लेटपर्यंत पोचला की त्यांच्या जिवात जीव यायचा.

मी हे वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

हंगामाचे आकडे असे: संघाचे ८४ विजय, २८ पराभव आणि लीगचं विजेतेपद. रॅडबर्ननं ७३ सामने सुरू केले आणि ७३ च्या ७३ स्वतः संपवले. ६७८ हून अधिक इनिंग. आजचा पिचर हंगामात २०० इनिंग टाकू शकला तरी त्याचं नाव होतं. बेसबॉलमध्ये प्रत्येक विजय एका पिचरच्या नावावर लिहितात. त्याच्या नावावरचे विजय ५९ की ६०, यावर अजून वाद आहे. २८ जुलैच्या सामन्यात सुरुवात मिलरनं केली होती, रॅडबर्न नंतर आला. तेव्हाच्या गुणलेखकानं विजय रॅडबर्नला दिला. आजच्या नियमानं तो मिलरचा. मला त्या वादात रस नाही. ५९ घ्या.

ऑक्टोबरमध्ये अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या लीगचा विजेता, न्यूयॉर्कचा मेट्रोपॉलिटन्स संघ, आणि प्रॉव्हिडन्स यांच्यात न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर २३ ते २५ तारखेला तीन सामने झाले. तिन्ही दिवस चेंडू रॅडबर्नच्याच हातात. पहिला ६-०, दुसरा ३-१. निकाल लागलाच होता, थंडी मी म्हणत होती, आणि तिसऱ्या दिवशी मैदानात साधारण ३०० माणसं. समोरच्या संघाचा मोठा पिचर टिम कीफ त्या दिवशी चक्क अंपायर म्हणून उभा राहिला. तोही सामना प्रॉव्हिडन्सनं जिंकला.

ठरल्याप्रमाणे रॅडबर्न मोकळा झाला. कुठेही जाऊ शकत होता. त्यानं पुढच्या वर्षासाठी प्रॉव्हिडन्सशीच पुन्हा करार केला. १८८५ चा हंगाम संपला, संघ तोट्यात गेला आणि मालकांनी तो विकून टाकला. घेणारा बॉस्टनचा संघ होता. खेळाडूंबरोबर रॅडबर्नही तिकडे गेला.